बेसवाले नेहमी मागेच का?

वाचकांचे प्रश्न, बँडमास्तरची उत्तरं

या वेळी पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे निम्म्यांचं दुखणं एकच आहे, खालच्या सुरांची वाद्यं म्हणजे ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा (यालाच बँडवाले बेस म्हणतात) लयीत बसत नाहीत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका, त्यातलं अर्धं तुमच्यासाठीपण आहे.

प्रश्न: मास्तर, नमस्कार. मी पुण्याची, गेली अकरा वर्षं इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये असते. कॉलेजात असताना ढोलपथकात होते, त्यामुळे लय आपल्याला येते असा माझा समज होता. इथे गावच्या ब्रास बँडमध्ये शिरले, आधी सहा महिने कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य, शिकले, मग बेसवाले कमी पडले तर म्हणाले बोटं तीच आहेत, घे हा ई-फ्लॅट बेस. आम्ही चौघं आहोत, दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट. एक रिटायर्ड ड्रायव्हर आजोबा, एक प्लंबर, एक शाळेतली पोरगी आणि मी. दर मंगळवारी प्रॅक्टिसला कंडक्टर मधेच थांबतो, काठी खाली घेतो आणि आमच्याकडे बघून म्हणतो, बेस, लेट. अहो आम्ही अगदी कान देऊन ऐकून वाजवतो, कॉर्नेट ऐकतो, ड्रम ऐकतो, एकमेकांना ऐकतो, तरी लेट. मग जरा पुढे गेलो की म्हणतो पळू नका. व्हिट फ्रायडेला (त्या दिवशी इथे गावोगावी ब्रास बँडच्या स्पर्धा असतात) सॅडलवर्थच्या खेड्यांत मार्च वाजवायला जायचंय, तिथे तरी लाज राखायची आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं दुखणं तुमच्याच एका वाक्यात आहे, "कान देऊन ऐकून वाजवतो". ढोलपथकात ते चालतं. ताशाचा हात ऐकला, टिपरू पडलं, आवाज त्याच क्षणी बाहेर. बेसचं तसं नाही हो, बेसमध्ये तुम्ही फुंकलं आणि सूर उभा राहिला यात वेळ जातो, आणि तो वेळ कोणाच्या आळशीपणाचा नाही, पितळेच्या नळीचा आहे.

जरा हिशोब मांडून बघा. बी-फ्लॅट बेसची नळी सरळ केली तर साधारण १८ फूट भरते, म्हणजे साडेपाच मीटर, तुमच्या ई-फ्लॅटची १३ फूट, आणि कॉर्नेटची फक्त साडेचार. ओठ थरथरले की ती लाट बेलपर्यंत, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडापर्यंत, जाते, तिथून थोडी परत फिरते आणि ओठांपाशी येऊन त्यांना धरते, मग सूर बसतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे कॉर्नेटमध्ये ही जा-ये ८ मिलिसेकंदांत होते आणि बी-फ्लॅट बेसमध्ये ३२ लागतात. तेवढा वेळ ओठ एकटे असतात, त्यांना कोणी सांगत नाही की बाबा बरोबर चाललंय. म्हणून नवशिक्या बेसवाल्याची नोट "तू" अशी सुरू न होता "व्वाऊ" अशी फुगत येते आणि ऐकणाऱ्याला ती फुगल्यावरच ऐकू येते, सुरुवात त्याला लागतच नाही.

आता यात खोलीचं अंतर घाला. तुम्ही बसता मागे, कॉर्नेट तुमच्यापासून सहा मीटरवर धरा, त्यांचा आवाज तुमच्याकडे यायला १८ मिलिसेकंद. तो ऐकून तुम्ही फुंकणार, मग नळीचे, वर तुमची बेल छताकडे, म्हणजे तुमचा आवाज आधी वर जाऊन मग लोकांकडे उतरणार. सगळं मिळून पन्नासच्या पुढे जातं. १२० च्या मार्चमध्ये एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, चौगुनीतली एक मात्रा १२५ ची. म्हणजे तुम्ही अगदी इमानदारीत ऐकून वाजवलं तरी जवळजवळ अर्धी मात्रा मागे, आणि कंडक्टर म्हणतो लेट, आणि तो बरोबर म्हणतो.

आणि चौघं एकमेकांना ऐकता म्हणालात ना, ते तर अजून वाईट. पंगतीत ताटं वाढून झाली की सगळे बघत बसतात पहिला घास कोण घेतो, तसं होतं तुमचं. पोरगी आजोबांकडे बघते, आजोबा प्लंबरकडे, प्लंबर तुमच्याकडे, आणि तुम्ही कॉर्नेटची वाट बघता. वरण गार.

मग करायचं काय, तर नोट एकत्र सुरू करायच्या भानगडीत पडू नका, श्वास एकत्र घ्या. नोट ही श्वासाची शेपटी आहे. मी पोलीस बँडमध्ये युफोनियमवर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचं खालच्या वाद्यांचं टोळकं सहा जणांचं, दोन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, दोन बेस, आणि मार्चचा पहिलाच ठोका असा पडायचा की जिन्यावरून हंडा गडगडत आल्यासारखा. आमच्या मास्तरांनी एक दिवस वाद्यं पेटीत ठेवायला लावली, कालचा पेपर आणला, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. पट्टी नाकासमोर धरायची, एक दोन तीन मोजायचं, चारवर श्वास आत आणि एकवर फू. सहा पट्ट्या एकदम वर उडाल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी कशाचं काय, एक आत्ता उडतेय, एक मग उडतेय, माझी तर उडालीच नाही कारण मी श्वास घेऊन वर रोखून धरत होतो. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, दार उघडून उंबऱ्यावर काय उभा राहतोस, ये की बाहेर. सगळी गोम तिथे होती. श्वास भरून वरती थांबलात की घसा आवळतो, जीभ दाताला चिकटते आणि मग ती सुटते तेव्हा बीट निघून गेलेला असतो. श्वास झोपाळ्यासारखा पाहिजे, आत गेला की लगेच बाहेर, मधे थांबा नाही. आठवडाभर आम्ही रोज दहा मिनिटं ती कागदं उडवली, लोक हसायचे, पण मग जो ठोका पडायला लागला तो एकाच माणसाचा वाटायचा.

तर तुमच्या मंगळवारी हे करा, वाद्याशिवाय, कागद घेऊन. आणि श्वास आवाज करून घ्या, लाजू नका, चौघांना एकमेकांचा श्वास ऐकू आला पाहिजे. ऐकायचंच असेल तर श्वास ऐका. एकजण पुढारी ठरवा, तो श्वासाबरोबर मान जराशी उचलेल, बाकीचे तिघे त्याच्याबरोबर. पुढारी सगळ्यात चांगला वाजवणारा हवा असं नाही, न घाबरणारा हवा. मला विचाराल तर शाळेतल्या पोरीला करा, मोठ्यांना उगाच एकमेकांचा मान राखत बसायची सवय असते.

कंडक्टरलापण एक सांगता आलं तर सांगा, गोडीत. पुष्कळ कंडक्टर खाली येणारी काठी झोकात देतात आणि तिच्या आधीची वर जाणारी काठी कशीतरीच. बेसला खालची काठी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, त्याचा श्वास वर जाणाऱ्या काठीत असतो. ती स्वच्छ मिळाली की अर्धं भांडण मिटतं. आणि तुमचे स्टँड खाली करा. कागदाच्या वरच्या कडेला काठीचं टोक टेकलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे एका नजरेत नोटपण आणि काठीपण. मी पाहिलेल्या हौशी बँडांत बेसवाले स्टँडच्या मागे असे लपून बसतात जसे वर्गात मागच्या बाकावर डबा खाणारे.

आता नोटेचं दुसरं टोक, याकडे कोणी बघतच नाही. बेस "लेट" वाटतो तो कित्येकदा लेट सुरू झालेला नसतोच, तो लेट संपलेला असतो. मार्चमध्ये बेस बीटवर आणि टेनर हॉर्न बीटांच्या मधे, ऊम-पा ऊम-पा. तुमचा ऊम लांबला की हॉर्नचा पा त्याच्याखाली गाडला जातो, मग हॉर्नवाले वाट बघतात, मग सगळी गाडी जड होते आणि नाव तुमचं. चौघांनी बसून ठरवा की या मार्चमध्ये क्रॉचेट (एका बीटची नोट) म्हणजे अर्धी नोट आवाज आणि अर्धी शांतता. शांतताच मोजा. तोंडाने म्हणून बघा, "धुम्" म्हणा, "धूऽम" नाही. सहा-आठचा मार्च असेल तर अजून सोपं, तुम्ही दादरा ऐकलेला आहे, तीन आणि तीन, फक्त इथे चालीला दोनच पाय आहेत, मधल्या मात्रा मनात तकिट तकिट म्हणायच्या. इंग्रजांना हे सांगून बघा, माझ्या माहितीतल्या एका बाईने सांगितलं तर तिचा सगळा बँड आता तकिट म्हणतो.

श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलने लिहा. चौघांनी एकाच बारच्या (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा) शेवटी श्वास घेतला की तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यातून वर यायला पुन्हा उशीर. बेसला हवा भरपूर लागते, मोठ्याने वाजवताना दोन बारमध्ये संपते, त्यात लाज काय. दोघं ई-फ्लॅटवाले इथे, दोघं बी-फ्लॅटवाले तिथे, आणि श्वासासाठी एखादी नोट सोडून दिली तरी चालेल, उशिरा वाजवलेल्या नोटेपेक्षा न वाजवलेली बरी. आजोबांचे व्हॉल्व्ह बघा एकदा, तेल घातलंय का, बोट हळू दाबतात का. व्हॉल्व्ह अर्धा खाली असताना हवा गेली तर नोट चिखलातून आल्यासारखी येते.

पळण्याचं म्हणाल तर ते ओरडा खाल्ल्यावरच होतं. माणूस लेट म्हटलं की विश्रांतीचे बार घाईत मोजतो, नोटा नाही. रेस्टमध्ये पाय नका आपटू, मनात तकदिमी चालू ठेवा.

व्हिट फ्रायडेला दोन गोष्टी वेगळ्या होतील. एक, डोक्यावर छत नाही, तुमचा आवाज सरळ आभाळात. अमेरिकेत १८९० च्या दशकात अंगाभोवती गुंडाळायचा बेस, सुझाफोन, निघाला, आणि मजा म्हणजे पहिल्यांदा त्याचीही बेल वरच होती, लोक त्याला पावसाचं पाणी धरणारा म्हणायचे, पुढे तोंड नंतर आलं. तुमचे बेस वरतोंडेच राहणार, तर मोकळ्यात आवाज कमी ऐकू येतो म्हणून जोरात फुंकू नका, जोरात गेलात की हवा संपते आणि लय बसते. नोटेचं तोंड कडक करा, पोट नाही. दोन, तिथे परीक्षक बंद कॅरव्हॅनमध्ये बसलेला असतो, त्याला तुम्ही दिसत नाही, तुमची मान हललेली, चेहरा घामेजलेला, काही नाही. त्याला फक्त ठोका एक आहे की चार एवढंच ऐकू येणार. बसमधून एका गावातून दुसऱ्या गावात जाताना पेपरच्या पट्ट्या उडवा, प्लंबरला सांगा मास्तरांनी सांगितलंय.

प्रश्न: मास्तर, मी डिचोलीचा, ट्रॉम्बोन शिकतो आणि आमच्या बँडबरोबर फेस्ताच्या आल्वोरादला जातो. पहाटे अंधारात गल्लीबोळांतून चालत वाजवायचं असतं. एका जागी उभे असलो की ठीक, चालायला लागलो की बँडचे दोन तुकडे होतात, पुढचे वेगळे मागचे वेगळे. वळणावर तर हमखास. ट्रॉम्बोन पुढे ठेवायचे का मागे?

उत्तर: बाळा, ट्रॉम्बोन पुढेच, नाहीतर स्लाइडने पुढच्याची टोपी उडवशील, पुष्कळ ठिकाणी त्याच कारणाने ट्रॉम्बोनवाल्यांना पहिली रांग मिळते. पण पुढे असलास की ड्रम तुझ्या मागे, आणि अख्खा बँड बारा मीटर लांब पसरला तर पहिल्या आणि शेवटच्या माणसात ३५ मिलिसेकंदांचा फरक ऐकण्यातच पडतो. मोठी परेड लांबून बघितलीस तर पाय एकदम पडत नाहीत, लाटेसारखे पुढून मागे पडत जातात, तो हाच फरक. उपाय जुना आहे, मोठा ड्रम अगदी मधोमध ठेवा, म्हणजे कोणालाच सहा मीटरच्या पुढचं ऐकावं लागत नाही. रांगा जवळ घ्या, गल्ली अरुंद असली तर चाराच्या तीन करा पण अंतर वाढवू नका.

वळणावर आतल्या बाजूच्याने पाऊल आखूड टाकायचं, हळू नाही. आखूड आणि हळू यात सगळे घोळ घालतात. पाय त्याच लयीत पडला पाहिजे, फक्त जमीन कमी कापायची. डावा पाय म्हणजे एक, हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

ट्रॉम्बोनचं अजून एक. तुझी लय जात असेल तर दहात नऊ वेळा ती स्लाइडमुळे. व्हॉल्व्हवाल्याचं बोट बोटभर हलतं, तुझा हात पहिल्या पोझिशनपासून सातव्यापर्यंत अर्धा मीटर आणि वर जातो. हात उशिरा निघू दे पण झटक्यात पोचू दे, जीभ पडायच्या आधी स्लाइड थांबलेली हवी. पुष्कळ पोरं हात आणि जीभ बरोबर हलवतात, मग नोट घसरत येते आणि उशिरा वाटते. पहाटे हात गार असतात, तेव्हा तर जास्तच.

प्रश्न: आदरणीय सर, मी नांदेड जिल्ह्यात शाळेत शिक्षक आहे, बँडपथक माझ्याकडे आहे. दोन युफोनियम, दोन ट्रॉम्बोन देणगीतून मिळाले. साइड ड्रम आणि बिगुल छान चालतात पण ही चार मुलं फार पळतात. मोबाइलवर मेट्रोनोम लावला तरी पळतात. मेट्रोनोमऐवजी तबल्याचं ऍप लावलं तर चालेल का?

उत्तर: सर, मेट्रोनोम लावला तरी पळतात म्हणजे ते त्याला ऐकतच नाहीत, ड्रमच्या आवाजात मोबाइल कोणाला ऐकू येणार. आणि प्रत्येक बीटवर टिकटिक लावली की मुलं तिच्या मागे लपतात. ती अर्ध्यावर आणा, १२० चा मार्च असेल तर ६० ला लावा, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या बीटवरच टिक पडेल, मधलं अंतर मुलांनी स्वतः भरायचं. मग तिसाला आणा. फक्त समेवर टिक, बाकी आवर्तन तुमचं. पहिल्या दिवशी समेवर कोणी येणार नाही, तेव्हा हसू द्या, रागावू नका.

तबल्याचं ऍप चालेल, केरवा लावा, चार-चारच्या मार्चला बसतो. पण तबला गोड असतो, सगळी रिकामी जागा भरून टाकतो, त्याच्यावर मुलं बरी वाजवतात आणि तो बंद केला की परत पळतात. म्हणून आठ बार तबला चालू, चार बार आवाज बंद पण मुलांनी वाजवत राहायचं, मग आवाज पुन्हा चालू, आणि बघायचं सम सापडली का. पोरांना हा खेळ फार आवडतो, हरली की स्वतःच म्हणतात सर पुन्हा.

त्याआधी एक करा, ड्रमवाल्यांना सुट्टी द्या. ड्रम नसताना या चार जणांनी आपली ओळ आधी तोंडाने म्हणायची, बोटं आणि स्लाइड हवेत हलवत, चालत चालत, मैदानाला एक फेरी. तोंडाने म्हणताना पळत असतील तर वाद्याला दोष नाही. आणि युफोनियम मुलांच्या मांडीवर नीट टेकतोय का बघा, पाचवी-सहावीचं पोर ते ओझं पेलत असेल तर त्याला लवकर संपवायचीच घाई असणार. उशी द्या मांडीवर.

प्रश्न: आमच्या हौशी बँडमध्ये बास ट्रॉम्बोनवाला एकटाच आहे, तो स्वतःला फार शहाणा समजतो आणि कोणाचंच ऐकत नाही. पण लय त्याचीच बरोबर असते. काय करावं? (नाव छापू नये)

उत्तर: त्याच्या शेजारी बसा.